सोलापुरातील हौशी रोड सायकलपटूचा शर्यतींचा हंगाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात नोकरी आणि संसार सांभाळून मी गेली अनेक वर्षे रोड सायकलच्या शर्यतींत भाग घेत आहे. पहाटेच्या राईडमध्ये नव्याने सामील होणारे मित्र, त्यांचे पालक आणि कधी कधी त्यांचे डॉक्टरही जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. पुण्या-मुंबईच्या सायकलपटूंचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलले तर सोलापुरात ते चालत नाही, हा माझा अनुभव आहे आणि खालील बहुतेक उत्तरांचा रोख तोच आहे.

शर्यतींचा हंगाम नेमका कोणत्या महिन्यांत असतो?

महाराष्ट्रातील बहुतेक रस्ता शर्यती पाऊस सरल्यावर, म्हणजे ऑक्टोबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत होतात. दिवाळीनंतर त्यांची दाटी वाढते आणि डिसेंबर-जानेवारीत ती सर्वाधिक असते. मात्र शर्यतीचे महिने आणि तयारीचे महिने वेगळे असतात. डिसेंबरात जोरात पळायचे असेल, तर पायाभरणी मृग नक्षत्रापासून म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापासून व्हायला हवी. दिवाळीचा फराळ संपवून सायकल बाहेर काढणाऱ्याच्या हाती जेमतेम सहा आठवडे उरतात आणि एवढ्या काळात वेग थोडा वाढला, तरी दम वाढत नाही.

जून ते सप्टेंबर हे पावसाळ्याचे महिने. तेव्हा सराव कसा होणार?

येथेच सोलापूरचे मोठे भाग्य आहे आणि आपल्यापैकी अनेकांना त्याची जाणीव नाही. आपला जिल्हा पर्जन्यछायेत येतो. जुलैत कोल्हापूर आणि पश्चिम पुण्याकडचे सायकलपटू दिवसेंदिवस घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवण्याच्या स्टँडवर) पाय मारत असतात, तेव्हा आपल्याकडचे रस्ते बहुतेक सकाळी कोरडे असतात, उन्हाची धग उतरलेली असते आणि आभाळ भरून आलेले असूनही पाऊस हुलकावणी देत असतो. शेतकऱ्याला हे दिवस जड जातात, हे विसरून चालणार नाही. परंतु सायकलपटूला सलग चार महिने अखंड सराव देणारी अशी जागा राज्यात फारशी नाही. या काळात आठवड्यातून चार ते पाच दिवस, शेजारच्याशी बोलता येईल इतक्या सौम्य जोराने दीर्घ राईड कराव्यात. त्यांपैकी एक दिवस अडीच ते चार तासांचा असावा. अतितीव्र सराव सप्टेंबरपर्यंत आठवड्यातून एकदाच पुरे.

पावसाळ्यातला वारा इतका जोराचा असतो की वेग २० च्या वर जात नाही. हा सराव वाया जातो का?

नाही. सोलापूरचा वारा हाच आपला घाट आहे, असे मी प्रत्येक नव्या सायकलपटूला सांगतो. सपाट रस्त्यावर साधारण २५ किलोमीटरच्या पुढच्या वेगात आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते आणि हवेवर मात करण्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समोरून वारा असताना मीटरवर २० चा आकडा दिसला, तरी पायांवरचे काम वारा नसताना ३० च्या वेगाने जाण्याइतके असू शकते. म्हणून जून ते सप्टेंबर सरासरी वेग पाहणे बंद करावे आणि हृदयाचे ठोके, श्वास व वेळ यांवर लक्ष ठेवावे.

पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून वाहतो. त्यामुळे पुणे रस्त्याने मोहोळकडे जाताना तो छातीवर येतो आणि परतताना पाठीशी असतो. जाताना वारा अंगावर घ्यावा आणि थकल्यावर त्याने घरी आणून सोडावे, हा साधा नियम पाळावा. उलट अक्कलकोट किंवा नळदुर्गकडे निघालात, तर जाताना आपण फार बलवान झाल्यासारखे वाटते आणि परतीच्या ४० किलोमीटरांत पाय पूर्ण रिकामे होतात. तुळजापूर आणि विजापूर हे रस्ते उत्तर-दक्षिण असल्यामुळे तेथे वारा बाजूने लागतो. हा आडवा वारा शर्यतीसाठी सर्वांत मोलाचा आहे.

आडव्या वाऱ्याचा शर्यतीशी काय संबंध?

पुढच्या सायकलच्या मागे राहिल्याने सुमारे २५ ते ४० टक्के ताकद वाचते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु वारा उजवीकडून असेल, तर आडोसा पुढच्याच्या पाठीमागे मिळत नाही, तो डावीकडे तिरका सरकतो. जाणकार सायकलपटू मग एकामागे एक न राहता रस्त्याच्या रुंदीवर तिरकी रांग धरतात, जिला एशलॉन म्हणतात. रस्त्याची रुंदी संपली की रांगेतली जागाही संपते. मागे उरलेल्यांना डांबराच्या कडेवर, कोणत्याही आडोशाशिवाय एकट्याने झुंजावे लागते.

माझ्या दुसऱ्याच शर्यतीत हे माझ्या वाट्याला आले. मी घोळक्यात बाराव्या-तेराव्या जागी निवांत होतो. एका वळणानंतर वारा उजव्या कानात घोंगावू लागला, पुढचे आठ जण काही न बोलता तिरके झाले आणि माझे पुढचे चाक पांढऱ्या पट्टीच्या बाहेरच्या खडीवर आले. माझ्या पुढच्या गड्याच्या मागच्या चाकापासूनचे एका हाताचे अंतर एका सायकलीएवढे झाले, मग दोन सायकलींएवढे. पाचव्या मिनिटाला आघाडीचा गट एका उंचवट्यापलीकडे दिसेनासा झाला. त्या दिवशी माझे पाय अजिबात कमी पडले नव्हते. वळणाच्या आधी पहिल्या सहांत यायला हवे, हे मला माहीत नव्हते. तेव्हापासून आमचा गट दर बुधवारी विजापूर रस्त्यावर तेरा मैलपर्यंत जाताना तिरकी रांग धरण्याचा आणि आळीपाळीने लीड घेण्याचा, म्हणजे पुढे राहून वारा अंगावर घेण्याचा, सराव करतो. हा सराव पहाटे, रस्ता मोकळा असताना, चौघांपेक्षा जास्त नसलेल्या गटात आणि डाव्या कडेच्या पट्ट्यातच करावा.

सरावासाठी कोणते रस्ते चांगले आणि कोणते केव्हा टाळावेत?

तुळजापूर रस्ता सुमारे ४५ किलोमीटरचा आहे. हिप्परगा तलाव आणि तामलवाडी ओलांडल्यावर तो हळूहळू चढू लागतो आणि तुळजापूरच्या अलीकडे बालाघाटच्या कडेचा छोटा घाट लागतो. दीर्घ राईडसाठी हा माझा सर्वांत आवडता रस्ता आहे. मात्र नवरात्रात आणि विशेषतः कोजागरी पौर्णिमेच्या आसपास या रस्त्यावर आई तुळजाभवानीच्या दर्शनाला पायी निघालेल्या लाखो भाविकांचा हक्क असतो. त्या दिवसांत तेथे सायकल नेऊ नये. आषाढी आणि कार्तिकीच्या काळात पंढरपूरच्या वाटांबाबतही हेच पथ्य पाळावे.

पुणे रस्त्यावर लांबोटीपर्यंत जाऊन परत येणे हा दोन तासांच्या आतला सोपा मार्ग आहे. तेथे थांबून चिवडा खाण्याचा मोह रविवारी जरूर पुरवावा. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारी, वळसंगमार्गे लांब सपाट टप्पे मिळतात आणि टाइम ट्रायलच्या, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध करायच्या शर्यतीच्या, सरावाला ते उत्तम आहेत. बार्शी रस्ता नान्नजपर्यंत शांत वाटतो आणि माळढोकच्या अभयारण्याजवळच्या माळरानावर वारा कुठेही अडत नाही.

दिवाळीपासून मार्चपर्यंत उसाच्या गाळपाचा हंगाम असतो. पहाटेच्या अंधारात मागे दिवा नसलेल्या बैलगाड्या, दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि रस्त्यावर सांडलेली उसाची कांडकी यांपासून फार सावध राहावे. पुढच्या चाकाखाली आलेले एक कांडके सायकल आडवी करायला पुरेसे असते. या महिन्यांत मी झुंजुमुंजू होईपर्यंत मुख्य रस्ता धरत नाही.

सोलापुरात मोठे घाट नाहीत. घाट असलेल्या शर्यतीची तयारी कशी करावी?

तीन मार्ग आहेत आणि मी तिन्ही वापरतो. पहिला म्हणजे तुळजापूरचा घाट एकाच सकाळी सहा ते आठ वेळा चढणे. चढ छोटा असल्यामुळे शेवटच्या दोन फेऱ्यांतच खरी परीक्षा होते. दुसरा म्हणजे समोरच्या वाऱ्यात जड गिअरवर, मिनिटाला ५५ ते ६५ केडन्स (पेडलचे फेरे) ठेवून १५ ते २० मिनिटांचे टप्पे करणे. त्या वेळी हात हँडलच्या वरच्या भागावर ठेवावेत, कारण घाटात आपण तसेच बसतो. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी हा सराव करू नये. तिसरा मार्ग खर्चिक आहे, पण त्याला पर्याय नाही. शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी एखादा शनिवार-रविवार वाईला मुक्काम करून पसरणी घाट पाचगणीपर्यंत चढावा. सलग पाऊण तास चढत राहिल्यावर पाठ आणि मन काय म्हणते, हे वाऱ्यात कळत नाही. उताराचा सरावही तेथेच होतो आणि सपाटीवरच्या माणसाला चढापेक्षा उताराचीच भीती अधिक असते.

एप्रिल आणि मे महिन्यांत काय करावे?

पहिले दोन-तीन आठवडे संपूर्ण विश्रांती घ्यावी. त्यानंतर पहाटे पाच ते साडेसात एवढाच वेळ आपला आहे असे समजावे. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जाणे येथे नेहमीचे आहे आणि आठ वाजताच रस्त्यावरून वाफा निघू लागतात. उष्णतेची सवय होण्यास शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात, म्हणून एकदम तीन तासांची राईड करू नये. चक्कर, अंगावर शहारे, घाम अचानक थांबणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी सावलीत थांबून अंगावर पाणी ओतावे, सोबत्याला बोलावून घ्यावे आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. या महिन्यांत आठवड्यातून दोन दिवस घरी उठाबशा, पोट आणि पाठीचे व्यायाम करणे पुढे हंगामभर उपयोगी पडते.

हौशी माणसाने एका हंगामात किती शर्यती कराव्यात?

माझ्या मते पाच-सहा पुरेत आणि त्यांपैकी दोनच मनापासून जिंकण्याच्या किंवा आपली सर्वोत्तम कामगिरी करण्याच्या असाव्यात. उरलेल्या शर्यती सरावाचा भाग मानाव्यात. सोलापुरातून बहुतेक शर्यतींसाठी पुणे, सांगली, कोल्हापूर किंवा त्यापुढे प्रवास करावा लागतो. एकेका शर्यतीत दीड-दोन दिवस, प्रवासखर्च आणि घरच्यांचा एक रविवार जातो. मुख्य शर्यतीआधी आठ ते दहा दिवस सरावाची वेळ निम्म्यावर आणावी, पण त्यातले छोटे जोराचे टप्पे बंद करू नयेत. पूर्ण विश्रांती घेतल्यास पाय जड होतात.

प्रकार निवडताना स्वभावही पाहावा. एकाच वेळी सर्वांची सुरुवात होणाऱ्या रस्ता शर्यतीत डावपेच लागतात, वैयक्तिक टाइम ट्रायलमध्ये एकट्याने वेदना सोसण्याची तयारी लागते आणि लहान वर्तुळाकार मार्गावरच्या क्रिटेरियममध्ये वळणे घेण्याचे कसब लागते. वाऱ्यात वाढलेले सोलापूरकर टाइम ट्रायलमध्ये आपल्या अपेक्षेपेक्षा चांगले ठरतात, हे मी वारंवार पाहिले आहे.

ब्रेव्हे म्हणजे शर्यतच ना?

नाही. ब्रेव्हेमध्ये क्रमांक नसतात. ठरलेल्या मुदतीत अंतर पूर्ण करायचे असते : २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास. ऑगस्ट-सप्टेंबरमधली एखादी २०० किलोमीटरची ब्रेव्हे पायाभरणीला पूरक आहे. मात्र शर्यतींच्या ऐन महिन्यांत ४०० किंवा ६०० करू नये, कारण त्यानंतर पायांत चपळाई यायला दोन-तीन आठवडे लागतात.

वयोगट कसा ठरतो आणि परवाना लागतो का?

आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या म्हणजे यूसीआयच्या पद्धतीनुसार शर्यतीच्या वर्षातून जन्मवर्ष वजा करून वय धरतात. १७ व १८ ज्युनिअर, १९ ते २२ अंडर-२३ आणि ३० व त्यापुढील मास्टर्स असे गट आहेत. खासगी आयोजकांचे गट वेगळे असू शकतात, म्हणून नोंदणीआधी माहितीपत्रक वाचावे. जिल्हा आणि राज्य निवड स्पर्धांसाठी जिल्हा संघटनेमार्फत नोंदणी करावी लागते. खुल्या हौशी शर्यतींना बहुधा ओळखपत्र आणि आरोग्याचे स्वघोषणापत्र पुरते.

सायकल किती महागाची हवी?

पहिल्या दोन हंगामांसाठी ॲल्युमिनियमची साधी रोड बाईक पूर्ण पुरेशी आहे. यूसीआयच्या शर्यतींत सायकलचे किमान वजन ६.८ किलो असावे लागते. आपल्या सायकली त्याहून दोन-तीन किलो जड असतात, म्हणून अनेकजण वजन कमी करण्यावर पैसा घालवतात. सोलापूरच्या सपाटीवर त्याचा उपयोग नगण्य आहे. तोच पैसा चांगले टायर, अंगाला बसणारी शॉर्ट्स आणि जाणकाराकडून करून घेतलेले सायकलचे माप यांवर घालवावा. टायर २५ ऐवजी २८ मिलिमीटरचे घ्यावेत. गावागावांतल्या गतिरोधकांवर आणि उखडलेल्या डांबरावर ते हातांना मोठा आराम देतात. पुढे ५० व ३४ दात्यांची चाके आणि मागे ११-३२ चा कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) असला, तर वाऱ्यातही आणि पसरणी घाटातही निभावते.

पायांची ताकद मोजणारा पॉवर मीटर नसला तरी चालतो. घड्याळ, हृदयाच्या ठोक्यांचा पट्टा आणि महिन्यातून एकदा त्याच रस्त्यावर, शक्यतो वारा नसलेल्या सकाळी, पूर्ण जोराची २० मिनिटांची चाचणी यांतून प्रगती स्पष्ट दिसते. पॉवर मीटर असेल, तर त्या २० मिनिटांच्या सरासरीचा ९५ टक्के आकडा तासभर टिकणाऱ्या ताकदीचा अंदाज मानतात.

पंक्चर फार होतात. काय करावे?

आपल्या रस्त्यांच्या कडेला वेडी बाभूळ माजलेली आहे आणि तिचा काटा ट्यूबमध्ये शिरून टोकाशी मोडतो. बाहेरून काही दिसत नाही. हिप्परग्याच्या बांधाजवळ एका सकाळी मी लागोपाठ दोन ट्यूब बदलल्या आणि दोन्ही दहा मिनिटांत बसल्या. शेवटी एका वयस्कर सोबत्याने टायर हातात घेतला, आतून रुमाल फिरवला आणि धागा जेथे अडकला, तेथे नखाच्या टोकाएवढे काळे कुसळ दाखवले. ते बाहेरून आत ढकलून चिमट्याने काढल्यावरच तिसरी ट्यूब टिकली. म्हणून ट्यूब बदलण्याआधी टायरची आतली बाजू रुमालाने किंवा कापसाने तपासावी, बोटाने नव्हे. ट्यूबमध्ये सीलंट (छिद्र आतून बुजवणारा द्रव) भरून ठेवल्यास असे बरेच काटे वाटेतच निभावतात. दोन ट्यूब, पंप, पट्ट्या आणि छोटा चिमटा सोबत असावा.

राईडमध्ये आणि शर्यतीत काय खावे-प्यावे?

दीड तासाच्या आतील राईडला पाणी आणि चिमूटभर मीठ पुरते. त्याहून लांब राईडमध्ये तासाला ६० ग्रॅमपर्यंत कर्बोदके घ्यावीत. तीन तासांपुढच्या शर्यतीत, पोटाला सवय केली असेल तर, ९० ग्रॅमपर्यंत जाता येते. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके असतात. पाऊण लिटर पाण्यात ४० ते ५० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि अर्धे लिंबू घातले की उत्तम पेय तयार होते. आमच्या गटातील बहुतेकजण हेच वापरतात. खजूर, राजगिऱ्याचा लाडू आणि मऊ गूळपोळीचे तुकडेही खिशात चांगले राहतात.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी ही आपली शान आहे, परंतु शर्यतीच्या सकाळी ती टाळावी, कारण तंतू आणि तेल पोटात रेंगाळतात. सुरुवातीच्या अडीच-तीन तास आधी मऊ भात, साधा उपमा किंवा केळी आणि पाव खावा. शर्यत संपल्यावर मात्र भाकरीसारखे सुख नाही.

घाम किती जातो हे मोजायला राईडच्या आधी आणि नंतर वजन करावे. एक किलोची घट म्हणजे सुमारे एक लिटर पाणी कमी पडले, असे समजावे. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घट होऊ देऊ नये.

आठवड्याला किती तास द्यावे लागतात? नोकरी सांभाळून जमते का?

आठ ते दहा तास नियमित मिळाले, तर हौशी गटात चांगली शर्यत करता येते. मंगळवार आणि गुरुवारी सव्वा तास, बुधवारी दीड तास, शनिवारी दीड तास आणि रविवारी साडेतीन तास असा माझा क्रम आहे. यातला अवघड भाग रात्री साडेनऊला झोपणे हा आहे. लग्नसराईत आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत हा क्रम मोडतो. मोडू द्यावा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला घरच्यांसोबत गेल्याने कोणाचा हंगाम बिघडत नाही.

महिलांसाठी वेगळे काही सांगाल?

आमच्या गटातील महिला सायकलपटूंनी सुचवलेल्या दोन गोष्टी येथे देतो. अंधारात एकटीने निघू नये आणि गटाने त्यांच्या वेळेशी जुळवून घ्यावे, कारण ही जबाबदारी गटाची आहे. तसेच हंगामाआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून घ्यावे. लोह कमी असताना सराव वाढवला की थकवा येतो आणि दोष मात्र आळसाला दिला जातो. महिला गटात स्पर्धक अनेकदा कमी असतात, त्यामुळे जिद्दीने तयारी करणाऱ्या मुलींना लवकर यश मिळू शकते.

शर्यतीतल्या सुरक्षिततेची खात्री कशी करावी?

काही वर्षांपूर्वी एका स्थानिक शर्यतीत गावाच्या चौकात आयोजकांचा एकही स्वयंसेवक नव्हता आणि ४० च्या वेगात असलेल्या आमच्या गटासमोर ट्रॅक्टर आला. तिघे पडले. त्यांपैकी एकाचे कॉलर बोन मोडले आणि रुग्णवाहिका यायला फार वेळ लागला. तेव्हापासून मी नोंदणीआधी तीन गोष्टी विचारतो : प्रत्येक चौकात माणूस आहे का, रुग्णवाहिका गटाच्या मागे धावते का आणि पोलिसांची परवानगी घेतली आहे का. स्पष्ट उत्तर मिळाले नाही, तर पैसे भरत नाही. एकदा जोराचा आघात झालेले हेल्मेट वरून चांगले दिसले, तरी पुन्हा वापरू नये. चाळिशी ओलांडलेल्यांनी हंगामाआधी डॉक्टरांकडून तपासणी आणि ईसीजी करून घ्यावा.

सर्दी-खोकल्याच्या औषधांबद्दल काळजी घ्यावी लागते का?

अधिकृत स्पर्धांत हौशी खेळाडूचीही उत्तेजक चाचणी होऊ शकते. स्यूडोएफेड्रिन असलेल्या गोळ्या आणि स्पर्धाकाळात घेतलेली स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन अडचणीत आणू शकतात. आपण स्पर्धक आहोत हे डॉक्टरांना आधी सांगावे. ताप असताना शर्यत मुळीच करू नये.

शेवटच्या शर्यतीनंतर सायकलचे काय करावे?

हंगामभर गळलेल्या घामातले मीठ हँडलच्या पट्टीखाली आणि हेडसेटच्या (हँडल जेथे फिरते त्या सांध्याच्या) बेअरिंगमध्ये साचते. म्हणून मार्चअखेर पट्टी काढून आतला गंज पाहावा, बेअरिंग उघडून ग्रीस भरावे आणि साखळी मोजून ताणली असल्यास बदलावी. सायकल गच्चीवर किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नये, कारण आपल्या मे महिन्यात टायरचे रबर तडकते. घरातल्या थंड कोपऱ्यात ती भिंतीला टेकवावी आणि पंधरा दिवसांतून एकदा हवा भरावी. जूनच्या पहिल्या आठवड्यात नवी पट्टी गुंडाळून, पश्चिमेचा वारा सुरू झाला की मोहोळच्या दिशेने निघावे.